घरी मागचे ब्रेक लायनर बदलल्यावर हँडब्रेक कसा जुळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या चाकांचे लायनर घरी बदलायचं काम आता बरेच जण अंगावर घेतात, आणि ते पारही पडतं. प्रश्न सुरू होतात गाडी जॅकवरून खाली आली की. हँडब्रेक ओढावा तितका वर येतो, नाहीतर चाक हाताने फिरता फिरत नाही. असे वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मुख्य रोख ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो, टियागो यांसारख्या मागे ड्रम ब्रेक असलेल्या आणि दोन सीटच्या मध्ये हँडब्रेक असलेल्या गाड्यांवर आहे. मागे डिस्क असेल तर प्रश्न १६ पासून वाचा, मात्र प्रश्न २ सगळ्यांसाठी आहे.

१. मी हँडब्रेकला हातही लावला नाही, फक्त लायनर बदलले. मग तो बिघडला कसा?

ड्रमच्या गाडीत पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक एकाच जोडीचे शू (लायनर चिकटवलेल्या अर्धगोल लोखंडी पट्ट्या) वापरतात. पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडर शू बाहेर ढकलतो. हँडब्रेक ओढला की केबल मागच्या शूवर बसवलेली एक लोखंडी दांडी खेचते आणि ती दांडी दोन्ही शू फाकवते. शू बदलले की दोन्ही ब्रेकचं माप हलतं.

ते दोन उलट दिशांनी हलू शकतं. नवे जाड लायनर ड्रममध्ये मावावेत म्हणून तुम्ही दोन शूंमधला ॲडजस्टर (त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त करणारा तुकडा) आखूड केला असेल आणि तो गरजेपेक्षा जास्त आखूड झाला असेल, तर शू ड्रमपासून लांब राहतात. मग हँडब्रेक ढिला लागतो आणि पेडलही खोल जातं. याउलट, जुने लायनर झिजत असताना कोणीतरी मध्ये केव्हातरी केबल आवळून वेळ मारून नेली असेल, तर तीच ताणलेली केबल आता नव्या जाड शूंना धड मागे येऊ देत नाही आणि चाक घासत राहतं. आपल्याकडे वापरलेली गाडी घेतली की ही दुसरी गोष्ट हमखास सापडते.

२. काम सुरू करण्याआधी गाडी कशी उभी करायची? हँडब्रेक तर सोडलेलाच हवा ना?

हो, आणि धोका तिथेच आहे. ज्या ब्रेकने गाडी जागेवर राहते तोच तुम्ही सोडणार आहात. सपाट, कडक जमीन घ्या; पेव्हर ब्लॉक हलत असतील तर जागा बदला. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच असतो.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पहिला गिअर टाकून ठेवला तर पुढची चाकं इंजिनला धरून राहतात, हा जास्तीचा आधार. पण ओम्नी, ईको, बोलेरो यांसारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरचा काही उपयोग नाही, कारण गिअर ज्यांना धरतो ती चाकं हवेत आहेत. एकच चाक उचललं असेल तरीही तेच: डिफरन्शिअलमुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी सरकू शकते. शिवाय अशा गाडीत चाक घासतंय का हे बघायला न्यूट्रलच लागतो. म्हणून तिथे सगळी भिस्त ठोकळ्यांवर.

ड्रममधली काळी पूड फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

३. नेमका क्रम काय? आधी केबल की आधी ड्रम?

आधी ड्रम. केबल सगळ्यात शेवटी. या पानावरच्या निम्म्या तक्रारी हा क्रम उलटा केल्यामुळे आलेल्या आहेत.

लिव्हर पूर्ण खाली करा आणि आतला ॲडजस्टिंग नट (तो कुठे असतो ते प्रश्न ७ मध्ये) इतका सैल करा की दोन्ही केबल लोंबकळायला लागतील. आता ड्रम काढलेला असतानाच मागच्या शूवरची ती दांडी नीट बघा. तिला एक छोटी अढी असते, बहुतेक वेळा शूच्या कडेला टेकणारा खुंट. केबल सैल असताना दांडी दोन्ही बाजूंना या अढीवर पूर्ण टेकलेली असली पाहिजे. दांडी आणि शूची कड यांच्यामध्ये नख जाईल एवढी जरी फट दिसली तरी केबल अजून ताणलेली आहे, नाहीतर आऊटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) अडकली आहे. इथे दोन मिनिटं जास्त घालवली तर पुढचा अर्धा दिवस वाचतो. ही दांडी अढीवर टेकलेली नसेल तर आपोआप जुळणारा ॲडजस्टर आपलं काम करत नाही, आणि मग महिनोन्‌महिने केबल आवळत बसावं लागतं.

दांडी जागेवर असेल तर ॲडजस्टर थोडा थोडा लांबवा आणि दर वेळी ड्रम चढवून बघा. शू ड्रमला हलके पुसत जातील इथे थांबा (प्रश्न ५). दोन्ही बाजूंचे ड्रम चढवा. दोन्ही ड्रम जागेवर येईपर्यंत कोणालाही पेडलला पाय लावू देऊ नका. ड्रम नसताना पेडल दाबलं तर व्हील सिलिंडरमधले पिस्टन बाहेर पडतात आणि कामाला आणखी एक काम लागतं.

मग पेडल पूर्ण सोडून, पुन्हा जोरात दाबून असं पाच-दहा वेळा करा. शांत जागी असाल तर मागून ॲडजस्टरची बारीक टिकटिक ऐकू येते. टिकटिक थांबली आणि पेडल वर कडक लागलं की ड्रमची बाजू झाली. आता हँडब्रेक तीन-चार वेळा जोरात ओढून सोडा, म्हणजे केबल आऊटरमध्ये नीट बसते. त्यानंतर नट अर्धा-अर्धा फेरा आवळत जा आणि प्रत्येक वेळी कटकट (लिव्हर ओढताना दात्यांचा येणारा ‘कट्’ आवाज) मोजा. अपेक्षित आकडा (प्रश्न ६) आला की लिव्हर पूर्ण खाली करून दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. मोकळी फिरली तर लॉक नट असल्यास तो घट्ट करा. नाही फिरली तर अर्धा फेरा मागे.

४. नवे लायनर घातल्यावर ड्रम चढतच नाही.

आधी केबल सैल केली होती ना? नसेल तर प्रश्न ३ मधली पहिली पायरी करा, बऱ्याचदा एवढ्यानेच ड्रम आत जातो.

तरी नाही गेला तर ॲडजस्टर पूर्ण आखूड झालाय का पाहा. काहींमध्ये स्क्रू फिरवावा लागतो, काहींमध्ये दातेरी पट्टीचा खटका उचलून मागे सरकवावा लागतो. डावीकडचा आणि उजवीकडचा ॲडजस्टर वेगळा असतो. अदलाबदल झाली तर वापरात तो लांबण्याऐवजी तसाच राहतो किंवा उलट चालतो. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी बाजू नमुन्याला समोर राहते.

तिसरी शक्यता ड्रमची. जुन्या ड्रमच्या कडेला गंजाची आणि झिजेची धार उभी राहते आणि नवा शू तिला अडतो. धार एमरीने घासून किंवा लेथवर उतरवून घ्या. लेथवाल्याला ड्रमवर छापलेलं कमाल व्यासाचं माप आधी दाखवा, त्यापुढे गेलेला ड्रम भंगारात.

५. शू ड्रमच्या किती जवळ हवेत? मोजायचं कसं?

घरी मोजायची गरज नाही, कानाने कळतं. ड्रम हाताने फिरवल्यावर हलका, सलग ‘सर्र’ असा आवाज यावा आणि एका ढकलीत तो निदान एखादा फेरा फिरावा. काहीच आवाज नसेल तर शू लांब आहेत. हात लावावा तिथे थांबत असेल तर जास्त जवळ आहेत.

आवाज फेऱ्यातल्या एकाच जागी येत असेल तर तो ॲडजस्टमेंटचा दोष नाही. ड्रम अंडाकृती झालाय, किंवा ज्या गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मधला मोठा नट ड्रमला धरून ठेवतो, तिथे तो नट पुरेसा आवळलेला नाही. तो मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, मगच घासण्याचा अंदाज घ्या. नाहीतर डुगडुगत्या ड्रमवर शू जुळवले जातात.

६. किती कटकटीला हँडब्रेक लागला पाहिजे?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण २० किलोच्या जोराने ओढल्यावर ४ ते ९ यांच्या मधला आकडा दिलेला असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा, शेजाऱ्याच्या गाडीचा घेऊ नका. मोजताना बटण दाबू नका, सावकाश ओढा आणि प्रत्येक दाता ऐका.

२० किलो म्हणजे किती हे हाताला कळत नसेल तर विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा लिव्हरच्या टोकाला अडकवून ओढा.

दोन-तीन कटकटीतच घट्ट लागणारा हँडब्रेक बऱ्याच जणांना आवडतो, ‘एकदम टाइट झालाय’ म्हणतात. माझ्या मते ढिल्या हँडब्रेकपेक्षा तो वाईट. ढिला निदान कळतो तरी. हा आतून लायनर आणि मायलेज दोन्ही खात राहतो (प्रश्न ९).

७. तो ॲडजस्टिंग नट असतो कुठे?

बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या मुळाशी, दोन सीटमधल्या प्लास्टिकच्या कन्सोलखाली. काहींत लिव्हरभोवतीचं आवरण उचकटलं की दिसतो, काहींत मागच्या प्रवाशांसाठीचा कपहोल्डर काढावा लागतो, काहींत पूर्ण कन्सोल. एका लांब आटे असलेल्या रॉडवर तो बसतो, बऱ्याचदा दहाचा पाना लागतो, आणि रॉड बाहेर आलेला असल्याने साधा सॉकेट पुरत नाही, लांब सॉकेट लागतो. रॉडच्या दुसऱ्या टोकाला एक आडवी पट्टी असते आणि तिच्या दोन टोकांना दोन चाकांच्या केबल. ही पट्टी दोन्ही केबलना सारखा ताण वाटते, त्यामुळे ती साधारण काटकोनात दिसायला हवी. तिरकी दिसली तर प्रश्न १० वाचा.

काही जुन्या आणि मोठ्या गाड्यांत हीच रचना गाडीखाली असते. तिथे आटे चिखलाने भरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

८. नट आटे संपेपर्यंत आवळला, तरी लिव्हर वरच येतो.

थांबा आणि नट परत सैल करा. नव्या लायनरवर आटे संपत असतील तर दोष केबलच्या दुसऱ्या टोकाला आहे.

क्रमाने बघा. ॲडजस्टर आखूड राहिलाय का. ही सर्वात जास्त वेळा सापडणारी गोष्ट आहे. केबलचं टोक शूवरच्या दांडीच्या आकड्यात नीट बसलंय का, की स्प्रिंग चढवताना बाजूला अडकून राहिलंय. केबलचं आऊटर बॅकप्लेटच्या (शू ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या) भोकात खटक्यासकट बसलंय का. ते अर्धवट बाहेर असेल तर तुम्ही कितीही ओढा, आधी आऊटरच सरकतं. दोन्ही शू वरच्या आणि खालच्या खाचेत बसलेत का. एवढं सगळं ठीक निघालं, तरच केबल ताणून लांबली असं म्हणा आणि दोन्ही बाजूंच्या एकदम बदला.

९. पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर मागचं चाक तापतं आणि जळका वास येतो.

नव्या लायनरला पहिल्या दिवशी किंचित वास येऊ शकतो. पण रिमजवळ हात नेला तर चटका जाणवावा इतकी उष्णता असेल तर ब्रेक सुटत नाहीये. गाडी तशीच दामटू नका.

थंड झाल्यावर चाक उचला आणि लिव्हर खाली असताना फिरवून बघा. घट्ट असेल तर केबलचा नट सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर केबल जास्त आवळली होती, प्रश्न ३ प्रमाणे पुन्हा जुळवा. नट सैल करूनही चाक घट्टच राहिलं तर कारण ड्रमच्या आत आहे: ॲडजस्टर जास्त लांबवला गेला, परत खेचणारी स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवली, किंवा व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून मागे येत नाही. बहुतेक बॅकप्लेटना मागून रबरी बूच असतं. ते काढून लांब स्क्रूड्रायव्हरने आतला ॲडजस्टर किंवा दांडी मोकळी केली की अडकलेला ड्रमही निघतो.

१०. एकच चाक धरतं. दुसरं हँडब्रेक लावूनही हाताने फिरतं.

आधी दोन्ही बाजूंचे शू सारखे जवळ आहेत का ते प्रश्न ५ प्रमाणे बघा. एका बाजूला फट जास्त असेल तर त्या बाजूची दांडी आपला सगळा प्रवास फट भरण्यातच संपवते.

शू सारखे असतील तर कोणाला तरी लिव्हर वरखाली करायला सांगून घोड्यांवरच्या गाडीखालून केबल पाहा. ज्या बाजूची केबल ड्रमजवळ हलत नाही ती आऊटरमध्ये गंजून बसली आहे. तेल ओतून ती काही दिवस चालते आणि पुन्हा बसते. बदलणं हाच उपाय. कोकणातल्या आणि मुंबईच्या गाड्यांना हे लवकर होतं, खाऱ्या हवेने आऊटरची रबरी टोपी फाटली की पाणी आत जातंच.

केबल हलतेय, शू जवळ आहेत, तरी चाक फिरतंय? मग लायनरवर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस लागलंय. गळका सिलिंडर किंवा सील बदला. तेल प्यायलेले लायनर धुऊन, भाजून किंवा घासून परत वापरू नका.

११. दोन-तीन आठवडे छान चालला, मग पुन्हा दोन कटकटी वर गेला.

हे अपेक्षित आहे. नवा लायनर जुन्या ड्रमला सुरुवातीला सगळीकडून टेकत नाही; उंच भाग झिजून त्याची गोलाई ड्रमशी जुळते आणि तेवढी फट वाढते. साधारण ५०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. तेव्हाही थेट नटाकडे जाऊ नका, आधी पेडल आठ-दहा वेळा जोरात दाबा. ॲडजस्टर आपोआप जुळणारा असेल तर फरक तिथेच भरून निघतो.

त्यानंतरही दर महिन्याला ढिला होत राहिला तर ॲडजस्टर चालत नाहीये. डावा-उजवा बदलला गेला असेल (प्रश्न ४) किंवा दांडी अढीवर टेकत नसेल (प्रश्न ३).

१२. चढावर तोंड करून उभी केली तर गाडी धरते, उतारावर तोंड केलं की सरकते. असं का?

हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर वजन मागच्या चाकांवर जास्त येतं आणि टायरची पकड वाढते. तोंड उताराकडे असेल तर मागची बाजू हलकी होते. दुसरं कारण ड्रममधलं: दोन शूंपैकी एक चाकाच्या फिरण्याने स्वतःहून आत ओढला जातो आणि दुसरा ढकलला जातो, आणि गाडी कुठल्या बाजूला सरकू पाहते यावर कोणता शू ओढला जाणार हे ठरतं. त्यातला एक अजून ड्रमशी नीट जुळलेला नसेल (प्रश्न ११) तर एका दिशेला पकड कमी वाटते. दोनशे-चारशे किलोमीटरमध्ये हा फरक कमी व्हायला हवा.

अपेक्षा किती ठेवायची? मोटारींच्या ब्रेकसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर१३-एच नियमात भरलेली गाडी २० टक्के चढाला आणि उताराला हँडब्रेकवर थांबली पाहिजे अशी अट आहे, आणि हाताचा जोर ४०० न्यूटनच्या वर लागता कामा नये. २० टक्के म्हणजे पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ. सोसायटीच्या तळघरातून वर येणारा रस्ता बऱ्याचदा चढाचा असतो. तिथे चाचणी घ्या, पण पाय पेडलवर ठेवून हळूहळू सोडत, आणि खाली कोणी उभं नसताना.

चाचणीत पास झालेला हँडब्रेकही घाटात एकटा पुरेसा मानू नका. माथेरानला जाताना गाडी दस्तुरी नाक्यावर दोन दिवस उभी राहते. अशा वेळी तोंड चढाला असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स, आणि चाकाला उताराच्या बाजूने दगड. निघताना तो दगड रस्त्यावरून बाजूला टाका. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्यावर असतो.

१३. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी होती, आता मागची चाकं सुटत नाहीत. मी हँडब्रेक जास्त आवळला का?

बहुतेक नाही. हँडब्रेक लावून उभ्या ओल्या गाडीत लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. गणपतीला गावी जाऊन आलं की हा प्रश्न दरवर्षी येतो. पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून टाकत, क्लच सावकाश सोडत गाडी हलकेच झुलवा. ‘टक्’ आवाज येऊन चाक सुटतं. ॲक्सिलरेटर दाबून जोर लावला तर लायनर शूपासून उखडू शकतो. नाही सुटलं तर चाक काढून ड्रमच्या कडेवर लाकडी फळी ठेवून हातोडीने ठोका.

लांब उभी करायची असेल तर सपाट जागी हँडब्रेक सोडून गिअरवर आणि ठोकळ्यांवर ठेवा. पाणी साचलेल्या रस्त्यातून आल्यावर शेवटची काहीशे मीटर पेडल हलकं दाबत चालवलं तर ड्रम कोरडे होतात.

१४. लिव्हर पूर्ण खाली आहे तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा जात नाही.

बऱ्याच गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. आधी ऑइलची पातळी पाहा. पातळी ठीक असेल तर कन्सोल उघडताना लिव्हरखालचा छोटा स्विच वाकला असेल. दिवा पहिल्या कटकटीला लागला पाहिजे आणि लिव्हर खाली टेकताच गेला पाहिजे.

१५. एअर (ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा) काढावी लागेल का?

ऑइलची नळी किंवा सिलिंडर उघडला नसेल तर नाही. हँडब्रेक केबलवर चालतो, एअरचा त्याच्याशी संबंध नाही. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर तो वेगळा विषय आहे. नुसतं खोल जात असेल तर आधी प्रश्न ३ प्रमाणे शू जवळ आणा. बऱ्याच जणांनी ऑइलची अख्खी बाटली संपवून मग हे केलेलं असतं.

१६. माझ्या गाडीला मागे डिस्क आहे आणि केबल कॅलिपरवरच्या (डिस्कला पॅडने आवळणाऱ्या भागावरच्या) लिव्हरला जाते.

अशा कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, दाबत दाबत फिरवावा लागतो. सी-क्लॅम्पने जबरदस्ती केली तर आतला स्क्रू तुटतो. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा आणि पॅडच्या पाठीवरचा खुंट जुळवा.

क्रम ड्रमसारखाच: केबल सैल, मग पॅड जागेवर येईपर्यंत पेडल अनेकदा दाबा, मग केबल. लिव्हर खाली असताना दोन्ही कॅलिपरवरची दांडी आपल्या अढीवर टेकलेली हवी. टेकत नसेल तर केबल जास्त आवळली आहे.

१७. अमेरिकेत राहतो. डिस्क काढली तर आत छोटे शू निघाले, आणि हँडब्रेक पायाने दाबायचा आहे.

डिस्कच्या मधल्या टोपीतच छोटा ड्रम असतो. जुन्या टोयोटा सिएनासारख्या गाड्यांत ही रचना आहे. हे शू फक्त उभ्या गाडीसाठी असल्याने ते स्वतःहून जुळत नाहीत. डिस्कच्या तोंडावरच्या भोकातून आतलं दातेरी चाक फिरवा, डिस्क जाम होईपर्यंत. मग मागे फिरवा. टोयोटाच्या अनेक गाड्यांत आठ दाते मागे घ्यायला सांगितलं आहे. डिस्क मोकळी फिरली की मगच केबल.

हे शू चालत्या गाडीत कधी झिजत नाहीत, त्यामुळे नवे असताना त्यांची पकड कमी लागते. मॅन्युअलमध्ये हलका हँडब्रेक लावून थोडं अंतर चालवायची पद्धत दिलेली असते, ती मोकळ्या रस्त्यावर, मॅन्युअलमधल्या वेगानेच करा. बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत केबल गंजण्याची शक्यता आधी तपासा, प्रश्न १० तिथेही लागू.

१८. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे. बटण आहे, लिव्हर नाही.

तिथे बहुतेक वेळा हाताने आवळायची केबलच नसते. कॅलिपरवर मोटार असते, आणि पॅड बदलण्याआधी ती सर्व्हिस मोडमध्ये मागे घ्यावी लागते. कुठे स्कॅनरने, कुठे बटण आणि पेडल यांच्या ठरावीक क्रमाने. मोड न लावता पिस्टन दाबला तर आतला गिअर जातो. आणि कॅलिपरमध्ये हात असताना कोणी बटण दाबलं तर बोट जातं. स्कॅनर नसेल तर हे काम घरी करू नका.

१९. ब्रिटनमध्ये एमओटीला (तिथल्या गाडीच्या सक्तीच्या तपासणीला) हँडब्रेक कमी पडला असं लिहून दिलंय. नवे शू घालून आठवडाच झालाय.

तिथे रोलरवर पकड मोजतात आणि साध्या मोटारीच्या पार्किंग ब्रेकला गाडीच्या वजनाच्या निदान १६ टक्के पकड लागते. न रुळलेले शू यात मार खातात. फेरतपासणीआधी शक्य तितकं अंतर चालवा, प्रश्न ११ प्रमाणे पेडल दाबून शू जवळ आणा, आणि दोन बाजूंत फरक लिहून दिला असेल तर प्रश्न १० मधली तपासणी करा. केबल आवळून नेली तर एक चाक घासत असल्याचं त्याच रोलरवर दिसतं.

२०. कुठल्या परिस्थितीत पाना खाली ठेवून गॅरेजला जावं?

व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली आणि एअर काढण्याचा सराव नसेल तर. ड्रमला तडा असेल किंवा माप संपलं असेल आणि नवा ड्रम बसवताना बेअरिंग काढावं लागत असेल तर. लिव्हरचे दाते झिजून तो आपोआप खाली पडत असेल तर. हा दोष ड्रममध्ये कितीही जुळवलं तरी जात नाही, लिव्हरच बदलावा लागतो. आणि पेडल दाबून ठेवलं असता हळूहळू खाली बसत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.